अँप्लिफायरवरचा हात

"आली! पुन्हा आली ही मेली!" सूनबाईनं हेडफोन कानावरून उपसून टेबलावर आपटले.

दारापाशी खुर्चीत बसलेल्या नानांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, दचकून रस्त्याकडे पाहिलं. "कोण? आज आली? ती तर उद्या येणार होती ना?"

"ताई नाही हो नाना. घूं आली, घूं."

"हात्तिच्या!" नाना पुन्हा टेकून बसले, पण त्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच. मुलगी यायची म्हटल्यावर बापाचा चेहरा उतरावा, अशी वेळ कुणावर न येवो.

आता घूं म्हणजे काय, ते घरात बसून आवाज रेकॉर्ड करायचा उपद्व्याप ज्यानं केलाय त्याला विचारा. बिचारा कपाळाला हात लावील. पंखा बंद, खिडकीवर रजया टांगलेल्या, माणसं श्वास रोखून बसलेली, आणि हेडफोनमध्ये तो जाड, चिवट आवाज चालूच: घूंऽऽ. आपण बोललो की शब्दांच्या मागे उभा राहतो, थांबलो की पुढे येतो. लोचट पाहुणा परवडला, त्याला निदान जेवू घालून वाटेला लावता येतं.

सूनबाई पूर्वी रेडिओवर निवेदिका होती. तिचा आवाज ऐकून लोक घड्याळं लावायचे. मग केंद्राला कुलूप लागलं. त्याच्या थोडं आधी नवरा पळाला होता. तो एका वाद्यवृंदात गिटार वाजवायचा, आणि त्याच वाद्यवृंदात गाणारी एक बाई होती. पुढचं सांगायला नको. जाताना त्यानं गिटार नेली, गाणारीण नेली, आणि पत्र्याच्या पेटीतला एक जुनाट अँप्लिफायर मागे ठेवला, कारण तो जड होता. म्हातारा बापही जडच होता, तोही मागेच ठेवला. नंतर लेकानं "नाना, इकडे या" असा निरोप एकदा धाडला, जनाची नाही तर मनाची म्हणून. नानांनी उलट निरोप दिला, "मुलगा माझा आहे, पण घर माझं सुनेपाशी आहे." तेव्हापासून दोघं या दोन खोल्यांत राहत होती. एकमेकांशी भांडत, एकमेकांचा चहा करत.

पण नुसत्या मायेवर चूल पेटत नाही. सूनबाईपुढे आज दोनच रस्ते होते. एक, पुस्तकं वाचून ती लोकांना ऐकवणाऱ्या एका कंपनीचं काम. घरी बसून वाचायचं, घरूनच पाठवायचं. दोन, परगावच्या स्टुडिओतली नोकरी. तिथे राहायची सोय बायकांच्या वसतिगृहात, म्हणजे नानांना तिथे जागा नाही. स्टुडिओला आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. हो म्हटलं, तर उद्या सकाळी नणंद गाडी घेऊन येणार आणि नानांना वृद्धाश्रमात पोचवणार. तिनं तिथे जागा सांगून ठेवली होती, गाडीही ठरवली होती. स्वतःच्या घरात बापाला ठेवण्याचं तिनं नावही काढलं नव्हतं.

आणि कंपनीचं काम मिळायच्या आड आली होती ती ही घूं. सूनबाईनं वाचलेला नमुना कंपनीनं एकदा परत केला, दुसऱ्यांदा परत केला. "आवाज फार सुंदर. मागे विजेचा आवाज आहे. असं चालणार नाही." आज तिसरा आणि शेवटचा. कार्यालय बंद व्हायच्या आत पोचला तर पोचला, नाही तर राम म्हणा.

"तुझं वाचन तर झकास होतं," नाना म्हणाले. "गोष्टीतल्या त्या अस्वलाचं हसणं ऐकून मला हसू आलं."

"वाचनाला कोण विचारतंय! सगळं या पेटीत अडलंय."

खरं तर अडलं होतं त्याच्या आधीच. आवाज कॉम्प्युटरच्या पोटात घालायला एक ऑडिओ इंटरफेस लागतो, हाताएवढी डबी. तिला सूनबाई डबीच म्हणायची. त्या डबीचं माइक लावायचं भोक मेलं होतं. नवी डबी आणायची तर आधी काम मिळायला हवं, आणि काम मिळायचं तर आधी डबी. म्हणून तिनं डोकं लढवलं होतं: माइक नवऱ्याच्या अँप्लिफायरला, अँप्लिफायरच्या मागून निघणारी वायर डबीच्या दुसऱ्या, जिवंत भोकात, आणि डबी कॉम्प्युटरला. द्राविडी प्राणायाम, पण आवाज आत पोचत होता. फक्त त्याच्याबरोबर घूं पण पोचत होती.

तिनं हेडफोन गळ्यात अडकवून रिपेअरवाल्याला पुन्हा फोन लावला. सकाळपासून कितव्यांदा, ते त्यालाच ठाऊक.

"कॉम्प्युटरचा चार्जर काढून बघितला?"

"काढला. बॅटरीवर चालवतेय."

"फ्रिज बंद करा."

"केलाय. आतलं दूध नासलं असेल एव्हाना."

"अँप्लिफायरचा प्लग उलटा घालून बघा. दोन पिनांचाच असेल ना?"

तिनं प्लग उपटला, उलटा घातला. घूं क्षणभर बारीक झाली. सूनबाईचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच पुन्हा पहिल्यासारखी.

"मग तुमच्या घराला अर्थिंग नसणार, विजेला जमिनीत उतरायला वाटच नाही," रिपेअरवाला म्हणाला. "पेटीसुद्धा जुनी. सोमवारी दुकानात आणा, उघडून बघतो."

"सोमवारी? दादा, मला आत्ता हवंय हो! आजच्या आज हवंय!"

"ताई, मी बाहेरगावी आहे. इथून काय हात लांब करू?"

तिनं फोन ठेवला आणि खुर्चीत बसून ओंजळीत तोंड घातलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, कारण रडलं की नाक चोंदतं आणि आवाज बिघडतो. रडायचीसुद्धा चोरी! बाहेरची उन्हं कलायला लागली होती. तिच्या मनात आलं, हो म्हणून टाकावं त्या स्टुडिओला. दोन घास सुखाचे मिळतील. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

नानांना तिची अवस्था बघवेना. ते खुर्चीतून उठले. त्यांचे पाय सुजलेले असायचे, इतके की कुठल्याच चपलेत शिरत नसत. घरभर अनवाणीच फिरायचे, फिरायचे म्हणजे भिंत धरून सरकायचे. सरकत ते टेबलापाशी आले आणि तिच्या डोक्यावर एक हात ठेवला. तोल जायला लागला म्हणून दुसरा हात टेकला तो अँप्लिफायरवर.

गळ्यात लोंबणाऱ्या हेडफोनमधली घूं गप्प झाली.

सूनबाईनं डोकं वर केलं. हेडफोन कानाला लावले. शांतता. अशी शांतता, की तिला स्वतःचा आवंढा ऐकू आला.

"नाना! हलू नका! अजिबात हलू नका!"

"का ग? झुरळ आहे?"

"हात काढा जरा. हं. आता ठेवा. काढा. ठेवा." हात काढला की घूं, ठेवला की गप्प. सूनबाई हसली की रडली, तिचं तिलाही कळलं नाही. तिनं स्वतःचा हात ठेवून पाहिला. घूं जशीच्या तशी. तिच्या पायात टाचदुखीसाठी डॉक्टरांनी दिलेल्या जाड रबरी चपला होत्या, पण अशा वेळी चपलांचा विचार कोण करतो? "तुमच्याच हाताला गुण आहे, नाना. माझ्या हाताला भीकच घालत नाही."

"बघ! आणि ताई म्हणते, म्हातारा काही कामाचा नाही."

तिनं रिपेअरवाल्याला एकदा शेवटचं विचारलं, न विचारून राहवेना म्हणून. त्यानं विचारलं, "हात लावणाऱ्याला चटका बसत नाही ना?"

"नाना, चटका बसतोय का?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं. पेटीकडे पाहिलं. "छे! जरा गुदगुल्या होतात."

"नाही म्हणतात."

"मग ठीक. पण फार वेळ नको."

खुर्ची पेटीजवळ ओढली, नानांना बसवलं, उजवा हात पत्र्यावर. सूनबाईनं पुस्तक उघडलं. मुलांची गोष्ट होती: पाण्याला भिणारं एक अस्वल, त्याला पोहायला शिकवणारं एक आगाऊ बदक, आणि पानोपानी हसणं-खिदळणं. अख्खा धडा एका दमात वाचायचा होता. तिनं तुकडे जोडून पाठवलेले चालणार नव्हते. चूक झाली तर थांबून तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, मधलं कंपनी कापून टाकणार, बस्स.

ती वाचायला लागली आणि काय सांगावं, गळा असा मोकळा झाला, जसा रेडिओवर व्हायचा. बदक ओरडलं, अस्वल कुरकुरलं, तळ्यातल्या बेडकांनी पैजा लावल्या. अर्ध्यावर आल्यावर मात्र मागून बारीक घूं डोकं वर काढायला लागली. तिनं वाचणं थांबवलं आणि नानांकडे पाहिलं.

"पाणी दे थोडं," नाना म्हणाले. एवढंच.

तिनं तांब्या त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला आणि घाईघाईनं पुस्तकातली ओळ शोधायला लागली. ओळ सापडेपर्यंत घूं गेली होती. का गेली, हे तिनं विचारलं नाही. गेली ना, झालं! तिनं पुन्हा वाचायला घेतलं.

नानांनी तोंड दाराकडे फिरवलं होतं. सदरा पाठीला चिकटला होता. मानेची शीर ताठ झाली होती. तिला ते दिसलं. पंखा बंद आहे, उकडत असेल, असं तिनं मनाशी म्हटलं आणि पान उलटलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते उगाच नाही. अक्कल असते हो, पण ती बाजूला काढून ठेवलेली असते.

धडा संपला. तो पहिल्यापासून ऐकत बसायला तिला वेळच नव्हता. सुरुवात ऐकली, मधलं जरा ऐकलं. स्वच्छ. धाडून दिला.

"गेला, नाना! गेला एकदाचा!" पायातल्या चपला तिनं भिरकावून दिल्या, एक इकडे, एक तिकडे, आणि शाळेतल्या पोरीसारखी टेबलाला वळसा घालून आली. "काढा आता हात. बंद करते या धुडाला."

तिनं बटणाकडे हात नेला. बोटं पत्र्याला लागली मात्र, कुणीतरी कोपरातून हाडच उपटून काढल्यासारखं झालं. ती किंचाळून मागे कोलमडली, खिडकीवरच्या रजईवर आपटून खाली बसली.

"लागलं का ग?" नाना पुटपुटले.

ती तशीच बसून त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांचा हात अजून पत्र्यावरच होता. काढला नव्हता, कारण काढता येत नव्हता. बोटं पेटीच्या कडेला आखडून बसली होती. आणि त्यांच्या अनवाण्या पायाखाली फरशी पुसायचं फडकं होतं. ओलंचिंब. तांब्या रिकामा पडला होता.

तेव्हा तिला सगळं कळलं. पाय कोरडा पडला की घूं परत येते, हे म्हाताऱ्यानं बसल्या बसल्या ओळखलं होतं. प्यायचं पाणी फडक्यावर ओतलं होतं आणि त्यात पाय दिला होता. म्हणजे चटका आणखी कडक बसावा म्हणून स्वतःच्याच पायाखाली पाणी घातलं होतं.

तिनं बटणाला हात लावलाच नाही, भिंतीतला प्लगच ओढून काढला. मग त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

"गुदगुल्या म्हणालात ना? गुदगुल्या? नाना, मेला असतात हो तुम्ही! मी इथे अस्वलाचं हसणं हसतेय आणि तुम्ही... काय म्हणू मी तुम्हाला?"

"ओरडू नकोस. घसा बसेल."

"बसू दे!"

नानांनी ओल्या फडक्यावरून पाय काढून घेतला. "मला तिथे जायचं नाही ग," ते म्हणाले. "आश्रमात. मला भीती वाटते. रात्रंदिवस ताईच्या गाडीचा आवाज येतो कानात. मी दुसरं काय करणार होतो, सांग? धावपळ होत नाही, कमवायला येत नाही. हात ठेवायचं काम आलं, ते केलं."

सूनबाईनं त्यांचा हात मांडीवर घेतला आणि चोळत बसली. आता रडायला हरकत नव्हती, म्हणून पोटभर रडून घेतलं.

फोन वाजला. कंपनीची बाई होती, आवाजात घाई. "या वेळी विजेचा आवाज नाही, छान. पण शेवटच्या पानावर मागे कुणीतरी कण्हतंय. ऐकलं नाहीत का तुम्ही? मुलांची गोष्ट आहे हो ही! तेवढं एक पान पुन्हा वाचून पाठवा, या वेळी आम्ही जोडून घेऊ, बाकी सगळं ठीक. आम्ही निघतोच आहोत, पण थांबते थोडी."

नानांनी फोनमधलं सगळं ऐकलं होतं. त्यांनी तोंडावर हात घेतला. "माझ्यामुळे. मी दात आवळून होतो ग, शेवटी निसटलं." आणि लगेच खाली वाकून ते फडकं सारखं करायला लागले. "चल, लाव प्लग. एकच तर पान. आता आवाज काढला तर नाव सांगणार नाही."

"खबरदार!"

"सूनबाई, हातातोंडाशी आलेला घास..."

"एक अक्षर बोलू नका. तिकडे जाऊन बसा. दाराशी. आणि तोंड बंद ठेवा, माझं रेकॉर्डिंग चालू होतंय."

तिनं स्वतःच्या अनवाण्या पायांकडे पाहिलं, मग कोपऱ्यात पडलेल्या त्या रबरी चपलांकडे. गुण नानांच्या हाताला नव्हता. आड येत होत्या त्या चपला. तिनं फडकं टेबलापाशी ओढलं आणि त्यावर उभी राहिली. प्लग लावला. पुस्तक डाव्या हातात धरलं. नाना दाराशी उभे राहून "नको ग, नको" असं नुसत्या ओठांनी म्हणत होते. तिनं डोळे मिटले, उजवा तळवा पत्र्यावर दाबला, आणि घूं गेली.

बोटांतून निघालेली कळ दंडापर्यंत चढली आणि तिथेच ठाण मांडून बसली. काढ हात, काढ हात, सारं अंग ओरडत होतं. सूनबाई वाचत होती. "अस्वलानं पाण्यात पाय घातला. आणि काय गंमत! पाणी गार होतं, पण चावत नव्हतं." बदकाला शाबासकी द्यायची होती, बेडकांना टाळ्या वाजवायच्या होत्या, आणि शेवटी अस्वलाला पोट धरून हसायचं होतं. ती हसली. हो हो हो करून, दणदणीत, कुठेही चिरकू न देता. गालांवरून पाणी ओघळत होतं, पण पाण्याचा आवाज माइकमध्ये येत नाही. एक पान! एका पानात तिचा जीव कासावीस झाला, आणि नानांनी अख्खा धडा काढला होता, वर पाणी ओतून.

शेवटचा शब्द संपल्यावर तिनं हात सोडवला, प्लग काढला आणि पान धाडून दिलं.

मग ती कंपनीच्या उत्तराची वाट बघत बसली नाही. उजवा हात उचलेना म्हणून डाव्या हातानं आधी स्टुडिओला फोन लावला आणि नोकरी नको म्हणून सांगितलं. लगेच नणंदेला लावला.

"ताई, उद्या गाडी आणू नका."

"का? मिळालं का ते घरचं काम?"

"अजून कळलं नाही."

"मग? आणि उद्या नाही म्हणाले ते लोक, तर खाल काय तुम्ही दोघं?"

सूनबाईनं दाराकडे पाहिलं. नाना चौकट धरून उभे होते आणि डाव्या हातानं उजवा हात चोळत तिच्याकडे बघत होते.

"ते अजून ठरलेलं नाही, ताई," ती म्हणाली. "पण नाना इथंच जेवतील."